राहीचा मामा

टेम्पोवाल्याने शेगडी आणि सिलिंडर फाटकातच उतरवलं आणि वर चढवणार नाही म्हणाला. बाई त्याच्याशी भांडली नाही. तिच्या कडेवर लहान मुलगा होता, ओढणीला धरून मुलगी उभी होती. एका हाताने तिने शेगडी उचलायला घेतली, तशी श्रद्धा गॅलरीतून खाली धावली.

"ठेवा हो, मी धरते. दुसरा मजला ना? आमच्या समोरच."

बाईचं नाव मनिषा. मुलगी राही, यंदा पहिलीत जाईल एवढी. मुलगा शुभंकर अजून बोबडं बोलणारा. वेळणेश्वरहून आलो, एवढंच तिने सांगितलं.

नाचणे गावाच्या पुढे कातळावर ही वस्ती नवीनच उठली होती. बिल्डिंगी आल्या होत्या, रस्ता अजून यायचा होता. पाणी कधी येतं, शेअर रिक्षा कुठे थांबते, मनिषाला काहीच ठाऊक नव्हतं. शाळेत गेली तर दाखला मागितला. कागद घरी राहिले म्हणून सांगून परत आली आणि जिन्यातच बसली.

"शुभंकर झोपत नाही, वहिनी," ती म्हणाली. "तिकडे दाराशी समुद्र. गाज ऐकत झोपायची सवय त्याला. इथे सगळं गप्पच."

श्रद्धाचा मुलगा पुण्याला शिकत होता, नवरा एसटीच्या ऑफिसात. दिवसभर घर रिकामंच असायचं. मनिषाला मिरजोळ्याच्या एका कंपनीत कोळंबी सोलायचं काम लागलं, तेव्हा मुलं श्रद्धाकडे राहू लागली. कंपनीत फोन आत नेऊ देत नसत. मनिषा जाताना दाराशी उगाच घुटमळायची.

शुभंकर लवकर रुळला. राहीचं मात्र श्रद्धाला नवल वाटे. ती कुणालाच नाही म्हणत नसे. जेव म्हटलं की जेवायची, झोप म्हटलं की डोळे मिटायची. दार जोरात आपटलं की भावाला घेऊन कोपऱ्यात जायची.

एका संध्याकाळी मनिषा म्हणाली, "वहिनी, कुणी आमची चौकशी करायला आलं, तर इथे राहत नाहीत म्हणाल?"

"नवरा?"

मनिषा शुभंकरच्या शर्टाचं बटण लावत राहिली. मग म्हणाली, "माझा भाऊ येणार आहे. तो आला की आम्हाला घेऊन जाईल."

श्रद्धाने पुढे विचारलं नाही. दाराला आतून नवीन साखळी मात्र लावून घेतली.

तो आला शुक्रवारी सकाळी. आधी समोरचं दार धडाधडा वाजलं. श्रद्धाने साखळी लावून फटीतून पाहिलं. काळा, आडदांड माणूस. दाढी वाढलेली, डोळे लाल, अंगाला मासळीचा वास. भुवईवर जुनी खोक.

"मनी कुठाय? पोरं कुठायत?"

"इथे कुणी मनी राहत नाही."

"वहिनी, खोटं बोलू नका. मला आत्ताच्या आत्ता—"

"पोलिसांना बोलवू?"

तो मागे सरला. "अहो, ऐका तरी, तो—"

श्रद्धाने दार लावून घेतलं. तो बराच वेळ फाटकाबाहेर उभा राहिला, फोन लावत राहिला. शेवटी रिक्षात बसून गेला. आतल्या खोलीत मुलं टीव्ही बघत होती. त्यांना काही कळलं नाही, याचंच श्रद्धाला बरं वाटलं.

दुपारी बेल वाजली. एकदाच, हलकी. दाराशी इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण उभा होता. हातात काजूमोदकांचा बॉक्स.

"मी सूरज. मनिषाताईचा भाऊ. तुम्हीच श्रद्धावहिनी ना?"

सकाळच्या प्रसंगाने श्रद्धा सावध झाली होती. तिने साखळी काढली नाही. "कुठून आलात?"

"वेळणेश्वरहून. देवळाच्या मागे घर आमचं. ताईने सांगितलं नाही?" तो हसला. "सांगितलं नसेल. घाबरलेली असते बिचारी. बरं केलंत, विचारून घेतलंत."

श्रद्धाने राहीला बोलावलं. "हे कोण गं? ओळखतेस?"

राहीने त्याच्याकडे पाहिलं.

"मामाला विसरलीस, राहू?" तो म्हणाला.

राहीने मान हलवली. ओळखते, अशी.

मग श्रद्धाने दार उघडलं. चहा केला. ताईला कामावरूनच घेतो, मग सगळे बाहेर जेवून येतो, तो म्हणाला. झोपलेल्या शुभंकरला त्याने सवयीच्या हाताने खांद्यावर घेतलं. पोराने झोपेतच त्याच्या मानेत तोंड खुपसलं. ते पाहून श्रद्धाचे डोळे भरून आले. एवढ्या दिवसांत या पोरांना कुणीतरी आपलं भेटलं.

राही दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. "काकू, तू पण चल ना."

"अगं, मामाबरोबर जायला कसली भीती?"

राहीने चौकट सोडली आणि चपला घातल्या.

दिवेलागणीला मनिषा एकटीच जिना चढून आली. मुलं मामाबरोबर खाली रेंगाळत असतील, असं धरून श्रद्धाने तिला हाताला धरून आत घेतलं. सकाळची गोष्ट तिच्या पोटात मावत नव्हती.

"आधी बस. आता घाबरायचं नाही. तुझा नवरा येऊन गेला. हाकलला मी त्याला."

मनिषाच्या तोंडचं पाणी पळालं. "कसा होता?"

"काळा, दाढीवाला, कपड्यांना मासळीचा वास. भुवईवर ही एवढी खोक. सारखं मनी, मनी करत होता."

मनिषाने सोडलेला श्वास श्रद्धाला ऐकू आला. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, इथे आल्यापासून पहिल्यांदाच.

"अहो वहिनी, तो सूरज. माझा भाऊ. बोटीवरून थेट आला असणार," ती म्हणाली आणि आतल्या खोलीकडे वळली. "पोरं झोपलीत वाटतं?"