भिंतीवर नसलेली बाळं

"वन्सं, अजून चौघी आहेत माझ्या आधी. तेवढ्यात पुन्हा एकदा कराल? तिकडे बाथरूममध्ये जाऊ."

सिस्टरला तिच्या भावजयीने हे इतक्या हळू विचारलं की शेजारच्या बाईलाही ऐकू जाऊ नये. सिस्टरने तिची फाईल या मांडीवरून त्या मांडीवर ठेवली.

"वेडी आहेस का? दुसऱ्याचं हॉस्पिटल आहे हे."

"बोट तर तुमचंच आहे ना."

शहराच्या दुसऱ्या टोकाला, चौकातल्या छोट्या प्रसूतिगृहात सिस्टर एकोणीस वर्षं बाळंतपणं करत होती. दिवस उलटून गेले, कळांचा पत्ता नाही, अशी बाई आली की ती हातमोजा चढवायची, गर्भाशयाच्या तोंडातून बोट आत सरकवायची आणि बाळाभोवतीचा पडदा कडेकडेने मोकळा करायची. दोन मिनिटांचं काम, पण डोळ्यांतून पाणी काढणारं. मग पाठीवरून हात फिरवून म्हणायची, "जा, चालत राहा. आज रात्री याल परत." आणि बायका यायच्या. धापा टाकत, नवऱ्याच्या दंडात नखं रुतवत यायच्या. त्यांच्या बाळांचे फोटो लावता लावता प्रसूतिगृहाची भिंत छतापर्यंत भरून गेली होती.

भावजयीला तिने सोमवारी केलं, बुधवारी केलं. दोन्ही वेळा तेच सांगितलं. भावजय भरलेली बॅग दाराशी ठेवून दोन्ही रात्री जागी राहिली. आज शुक्रवार. तारीख टळून दहा दिवस झाले होते आणि सलाईनमधून कळा आणायची सोय फक्त इथे, या मोठ्या हॉस्पिटलात. काचेच्या दारापलीकडे घरच्या माणसाला पाऊल टाकू देत नाहीत. भावजयीने तर पाचव्या महिन्यापासून एकच हट्ट धरला होता, बाळ यायचं ते वन्संच्याच हातात. आत बोलावणं यायच्या आधी कळा सुरू झाल्या, तर गाडीने वीस मिनिटांत माघारी जाता येणार होतं.

"ऊठ. फेऱ्या मार," सिस्टर म्हणाली.

"पाच दिवस तेच करतेय. तुमचा भाऊ म्हणतो, पोस्टमनसुद्धा दुपारचा बसतो."

तरी ती उठली. कमरेवर हात ठेवून कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पाण्याने भरलेली घागर न्यावी तशी स्वतःला जपत चालू लागली. सिस्टर चुलीवरच्या दुधाकडे बघावं तशी तिच्या पोटाकडे बघत राहिली. काही नाही. कपाळावर साधी आठीसुद्धा नाही. सिस्टरला राग येत होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. आतल्या बाळावर काढता येत नाही. तिने आपल्या उजव्या हाताचं बोट डाव्या मुठीत दाबून धरलं.

फरशी पुसणाऱ्या मावशींनी तिच्या गणवेशावरचा बिल्ला वाचला.

"तुम्ही त्या चौकातल्या होय? तरीच म्हटलं, ही बाई तिकडची असणार."

"कशावरून?"

"इतर बायका आल्या की बसतात. तुमच्याकडच्या फेऱ्या मारतात. माझी फरशी काही वाळू देत नाहीत."

"बऱ्याच येतात?"

"मी कुठे मोजत बसू? पण आठवडा असा कोरडा जात नाही बघा."

शेजारची बाई सिस्टरकडे वळली. ती म्हणाली, "मी तुमच्याकडची मंगळवारची, सिस्टर. ओळखलं नाहीत?"

सिस्टरने तिच्याकडे नीट पाहिलं. चेहरा काही आठवेना. परत आलेल्या बायकांची तोंडं तिला पाठ होती. न आलेल्या माहेरी गेल्या असतील, दुसरीकडे गेल्या असतील, असं तिने धरून चाललं होतं. विचारलं कधीच नव्हतं.

"आज रात्री याल म्हणालात," बाई सांगत होती. आवाजात तक्रार नव्हती, तेच कानाला टोचत होतं. "थोरलीला शेजारणीकडे झोपवलं. चपला दाराकडे तोंड करून ठेवल्या. उजाडलं तरी काही नाही. वाटलं, माझंच चुकलं काहीतरी. फेऱ्या कमी पडल्या असतील."

तेवढ्यात काचेचं दार उघडलं आणि भावजयीला हाक आली. तिच्या आधीच्या दोघी आत गेल्या होत्या, उरलेल्या दोघींना म्हणे दुसऱ्या खोलीत नेलं होतं. ती फाईल घ्यायला आली आणि घेता घेता थांबली.

"वन्सं, खरं सांगा. लागू पडतं का ते?"

"पडतं. काही जणींना."

"किती जणींना?"

सिस्टरच्या डोळ्यांसमोर ती भिंत आली, छतापर्यंत भरलेली. तिच्यावर फक्त परत आलेल्यांची बाळं होती.

"मला नाही गं माहीत."

"हेच सोमवारी सांगितलं असतंत," भावजय म्हणाली, "तर दोन रात्री झोपले तरी असते."

सिस्टर उठून तिच्यामागे दारापर्यंत गेली. भावजय आत गेली. दार आपसूक मिटलं.

मंगळवारची बाई बाकाला रेटा देऊन उठत होती. तिचा हात कमरेवर गेला, पाय कॉरिडॉरकडे वळले.

"बसा," सिस्टर म्हणाली. "तुमचं काही चुकलं नाही. माझं बोलणं चुकलं."

बाई होती तिथेच उभी राहिली.

"बाळ झालं की फोटो पाठवा," सिस्टर म्हणाली. "आमच्या भिंतीवर लावीन."

"तो कशाला? ते काही तुमच्या हातचं नसणार."

"तरी पाठवा."

बाई खाली टेकली, बाकावरचं आपलं बोचकं उचलून मांडीवर घेतलं, आणि सिस्टरला बसायला जागा करून दिली.