तीनदा उकळलेलं पाणी

प्लेटमधले सगळेच खळगे निळे झाले होते. जंतू घातले होते ते तर झालेच, पण ज्यांत नुसतं थेंबभर पाणी घातलं होतं तेही निळे! करुणाने प्लेट उजेडात धरून दोनदा पाहिली.

तीन वर्षं ती फुलंब्रीहून सकाळची पहिली एसटी धरून या प्रयोगशाळेत येत होती. फुफ्फुसातल्या पेशींना जंतू आल्याचं कळतं कसं, हा तिचा विषय. पेशींच्या अंगावर ग्राही, म्हणजे जंतू ओळखणारे रेणू, असतात. जंतूच्या आवरणाचा एक तुकडा जरी त्यांना लागला, तरी पेशी आरडाओरडा सुरू करते. तो डोळ्यांना दिसावा म्हणून करुणाने पेशी अशा तयार केल्या होत्या की ओळख पटली तर खळगा निळा व्हावा, नाहीतर स्वच्छ राहावा. आणि आता त्या पेशी साध्या पाण्यालाच जंतू म्हणत होत्या.

मनस्विनी मॅडम तिच्या मार्गदर्शक. तोंडाने फटकळ, मनाने नाही.

"तुझ्या पेशी दिसेल त्याला चोर म्हणतात, करुणा. शुक्रवारी संशोधन समितीपुढे हे ठेवलंस तर विषय बंद होईल. मलाही नाही म्हणता येणार नाही."

"पेशी बिघडल्या नाहीत मॅडम. जिवापाड जपल्यात मी त्या."

"मग काय पाणी बिघडलं?"

कोपऱ्यात काचसामान विसळणाऱ्या साळूबाईच्या हातून बाटली खणकन बेसिनमध्ये पडली. साळूबाई इथली जुनी मदतनीस. करुणाला आपल्या डब्यातली अर्धी भाकरी दिल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

"माझ्याच्यानं चुकी झाली मॅडम," ती चाचरत म्हणाली. "आठ दिस झाले, नळाला पाणी नाय. डिस्टिल्डची मशीन बंद पडली. पोरीचं काम थांबंल म्हणून म्या घरून कॅन आणला अन् तिची बाटली भरून ठिवली. टँकरचं हाय, पर लई निगुतीनं गाळलं. आपल्या कुकरात तीनदा उकळलं. एक जंतू जित्ता नसंल त्यात, आईशप्पथ!"

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. शहराच्या कडेला, सातारा परिसर म्हणतात त्या भागात नव्या इमारती भराभर उठत होत्या आणि त्यांच्यामागच्या साळूबाईच्या गल्लीत टँकर चौथ्या दिवशी येत होता. तिथलं, घरच्यांच्या वाट्याचं पाणी होतं ते. मॅडमना रागवावं की काय करावं ते कळेना. साळूबाईने पदर तोंडाला लावला.

करुणाचे मात्र डोळे मोठे झाले.

"जित्ता नाय ना मावशी? एकबी नाय ना?" तिने साळूबाईचे दोन्ही हात धरले. "मॅडम, उकळल्यानं जंतू मेले, पण त्यांची आवरणं पाण्यातच राहिली! पेशींनी तीच ओळखलीत. चुकल्या नाहीत त्या!"

मॅडमनी प्लेट हातात घेऊन निरखली. मग चप्पल अडकवून स्वतःच औषधाच्या दुकानात गेल्या आणि इंजेक्शनच्या पाण्याच्या, मेलेल्या जंतूंचे अंशही नसलेल्या सीलबंद कुप्या घेऊन आल्या. प्रयोग पुन्हा लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघीजणी एकाच प्लेटवर वाकल्या. कुपीतल्या पाण्याचे खळगे स्वच्छ होते. शेजारची साळूबाईच्या पाण्याची रांग निळीशार. मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि उगाचच परत पुसला.

"समितीला दोन्ही रांगा दाखव," त्या म्हणाल्या. "जिवंत जंतू एकही नाही, तरी ओळखलं! असा पुरावा मागूनही मिळाला नसता."

करुणा हसत होती आणि डोळेही पुसत होती. साळूबाईला इतकंच कळलं, की निळं ते वाईट. बिचारी खट्टू होऊन उरलेला कॅन उचलू लागली.

"म्हंजी माझं पाणी घाणच निघालं की! सांडून येते."

करुणाने धावत जाऊन कॅनसकट तिला मिठी मारली.

"व्हय मावशी, लई घाण निघालं! थेंबभरबी सांडू नका!"