परत घेतलेलं गीत

प्रार्थना सुरू व्हायला दहाच मिनिटं होती आणि साऱ्या इंग्लंडचे लाडके लेखक सर एव्हरर्ड चर्चच्या मागच्या खोलीत येरझारा घालत होते.

"पाद्रीबाबा, माझं ते गीत आज नको. 'जा मुलांनो, लढायला जा' असं मी लिहिलं आणि या गावातली अकरा पोरं खरंच गेली. एकही परत आलं नाही."

"सर एव्हरर्ड, अख्ख्या साम्राज्याला ते पाठ आहे. आता ते तुमचं कुठे राहिलंय?"

"मग मी उभा राहणार नाही. मी ते परत घेतलंय, हे दिसू दे सगळ्यांना."

ऑर्गन वाजू लागला तसं सगळं चर्च उठलं. सर एव्हरर्ड पहिल्या बाकावर तसेच बसून राहिले, ओठ घट्ट मिटून. शेजारी मिसेस पिलबीम गात होत्या. त्या अकरांतले दोघे त्यांचे. गीत संपल्यावर डोळे पुसत त्या वाकल्या आणि त्यांनी सरांचा हात हलकेच थोपटला.

"आपल्याच शब्दांनी इतकं भरून आलं होय हो तुम्हाला, की उठवेचना? मग माझी पोरं निघाली, त्यात नवल ते काय!"