न दिलेली हाक

"फायली मिटा हो, सर्व्हर बंद करतोय!" कुणाचंही कनेक्शन तोडण्याआधी धामणकर हॉलभर अशी हाक द्यायचे. त्यांचा जुना शिरस्ताच तो. आज जेवायच्या सुट्टीत सगळे उठले, तरी सर्व्हरवर एक नाव चिकटून बसलं होतं: मृण्मयी.

परवा आलेली पोर, पण साहेबांच्या तोंडी सदा तिचंच कौतुक. धामणकरांच्या पोटात दुखायचं. "म्हणे हुशार! फाइल उघडी टाकून बसली असेल डबा खात." आज त्यांनी मुद्दामच हाक दिली नाही. कनेक्शन सरळ तोडलं आणि गालातल्या गालात हसले.

मिनिटभरात ती समोर उभी, चेहरा पांढराफटक. "सर, तुमचा ऑडिटचा तक्ता राहिला होता ना, तोच भरत होते. सेव्ह करायच्या आत सगळं उडालं."

धामणकरांच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात केबिनच्या दारातून साहेब गरजले, "धामणकर, तक्ता कुठंय?"

"माझ्या हातून उडाला, सर," ती पटकन म्हणाली. "संध्याकाळपर्यंत पुन्हा करते."

"बघा, चूक कशी कबूल करते! शिका जरा, धामणकर."

धामणकर वाचले होते. तरी त्यांच्या पोटात पुन्हा दुखू लागलं.