संध्याकाळचं पाणी

धाकट्याच्या गाईने बादलीत तोंड घातलं, पाण्यावर एक फुंकर मारली आणि मान फिरवली.

थोरला बघतच राहिला. दोघा भावांची विहीर सामाईक. उन्हाने तिचं पाणी तळाला गेलं तेव्हाच ठरलं होतं की दिवसभर कुणी पोहरा सोडायचा नाही. पाणी साठू द्यायचं, संध्याकाळी मिळून उपसायचं आणि दोन्ही गोठ्यांत सारखं वाटायचं. जनावरं दिवसभर धापा टाकायची. संध्याकाळी बादली दिसली की दावं तोडायला बघायची. थोरल्याची गाय गाभण, तिच्या बरगड्या वर आलेल्या. तरी आपल्या वाट्याची एक बादली तो रोज धाकट्याच्या गाईपुढे ठेवायचा. तिचं दूध आटतंय, पोरांच्या तोंडी काय घालू, असं धाकटा रडवेला होऊन म्हणाला होता.

आणि आज तीच गाय भरलेली बादली नुसती हुंगून उभी होती.

धाकट्याने तिची मान खाली दाबली. तिने डोकं झटकलं. उन्हाने तिची खाण्यापिण्यावरची वासनाच उडालीय, चाऱ्यालाही तोंड लावत नाही, असं तो सांगू लागला. तेवढ्यात गाईने पुढ्यातला कडबा खायला घेतला. मालकाची लाज राखायचं तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"भाऊजी," थोरल्याची बायको म्हणाली, "दुपारी आम्ही जरा आडवे झालो, की पोहरा सोडून घेता वाटतं?"

धाकटा दाव्याची गाठ चाचपत राहिला. रोज नाही, थोडंसंच, पोरांसाठी, असं काहीतरी पुटपुटला.

मागितलं असतंस तर दिलं असतं रे, हे थोरल्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण धाकट्याने मागितलं होतंच की. आणि दिलंही होतं.

थोरल्याने बादली उचलून आपल्या गाईपुढे ठेवली. तिने ती एका दमात संपवली आणि रिकामा तळ चाटत बसली.

धाकट्याने विषय बदलला. "दादा, उद्या गाळ काढायचाय ना? येतो मी सकाळी."

गाळ काढायला थोरला तळाशी उतरायचा. त्याच्या कमरेला बांधलेला दोर वर धाकटा धरायचा. कळत्या वयापासून हेच चालत आलेलं.

"ये," थोरला म्हणाला. "पण दोर तुझी वहिनी धरेल."