मागच्या बाकावरचा हात

मागच्या बाकावरचा हात पुन्हा वर गेला.

ती थांबली. सकाळपासूनची ही सातवी खेप. बाकी सगळे बाक रिकामे होते आणि शेवटच्या बाकावर, दुसरीच्या मुलांसाठी केलेल्या त्या बुटक्या बाकावर, गुडघे हनुवटीशी आणून शाळेचे शिपाईकाका बसले होते. हात वर, चेहरा गंभीर. याहून मोठ्यानं बोलायचं तर आता भोंगाच आणावा लागेल, असं तिच्या मनात आलं.

शिक्षिका होण्याच्या शिक्षणातला शेवटच्या वर्षाचा सराव करायला ती या परक्या देशात आली, त्याला जेमतेम पाच दिवस झाले होते. शाळा सोमवारी उघडणार होती. पहिल्याच भेटीत मुख्याध्यापिकांनी तिला तीनदा ‘काय म्हणालात?’ असं विचारलं आणि शेवटी सांगून टाकलं, की शुक्रवारी त्या तिचा पाठ बघायला येतील. जमला तर दुसरीचा वर्ग तिचा. नाही जमला तर पहिलं सत्र तिनं ग्रंथालयात बसून पुस्तकांना कव्हरं घालावीत.

पंचाईत अशी, की कव्हरं घालायला तिला मनापासून आवडलं असतं. भीती होती ती त्याचीच. एकदा त्या कपाटांमागे शिरली की ती वर्षभर बाहेर येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून तिनं शिपाईकाकांना गाठलं. ते फरशी घासायचं यंत्र फिरवत होते. त्याची घरघर अशी, की तिनं कानांत बोटं घातली. काका मात्र झोपाळ्यावर बसल्यासारखे निवांत. समोर जाऊन, यंत्र थांबायची वाट पाहून तिनं सांगितलं, मी पाठ घेते, तुम्ही मागे बसा, आणि पोहोचलं नाही की हात वर करा. काका म्हणाले, “बसतो की, पोरी. तेवढाच गुडघ्यांना व्यायाम.”

पाठ होता घड्याळाचा. त्यासाठी तिनं पुठ्ठ्याचं परातीएवढं घड्याळ केलं होतं. तास काटा लाल, मिनिट काटा निळा. ते दोन्ही हातांनी समोर धरलं की तिला मोठा धीर यायचा. त्याच्याआडून ती सुरू करायची आणि काकांचा हात वर जायचा. ती आवाज चढवायची, हात तसाच. फळ्याकडे वळून आकडे लिहिता लिहिता बोलली, तरी तेच. ‘आता?’ असं विचारायला तिनं घड्याळाआडून डोकं काढलं, की हात खाली यायचा. पाठ पुढे सुरू झाला की पुन्हा वर.

मग ती खोलीवर जाऊन ओरडायचा सराव करू लागली. ‘सव्वातीन!’ म्हटलं की खालून घरमालकीण झाडूच्या दांड्यानं छत ठोकायची. बुधवारी ती जिना चढून आली आणि म्हणाली, वेळ कळली हो, आता जरा दिवस मावळू दे. आईनं फोनवर मिठाच्या गुळण्या सांगितल्या. वडील मागून म्हणाले, आपल्या घरात मोठा आवाज एकट्या आत्याचा, त्यामुळे पोरीला दोष देऊ नका. गुळण्या केल्या, ओरडणंही केलं, आणि शुक्रवारी उठली तर घसा पुरता बसलेला.

त्यात घाईघाईत घड्याळ बसमध्ये राहिलं. ती उतरली, घड्याळ एकटंच पुढच्या स्टॉपला गेलं.

ती वर्गात शिरली तेव्हा काका बाकावर घडी घालून बसलेच होते. दाराशी मुख्याध्यापिका. पळायला दार तेवढं एकच. तिच्या डोळ्यांपुढे कव्हरांचे गठ्ठे आले. मग काही सुचेना म्हणून तिनं हातांचेच काटे केले. कोपरात दुमडलेला डावा हात तासाचा, ताठ उजवा मिनिटांचा. फाटक्या, घोगऱ्या आवाजात ती बारा वाजले म्हणाली आणि दोन्ही हात वर केले. कळलं का, हे काकांच्या तोंडाकडे बघितल्याशिवाय समजेना, म्हणून बघत राहिली. पावणेतीनला तिनं दोन्ही हात पसरले. साडेसहाला ते दोन्ही खाली लोंबले, ती थकल्या हमालासारखी दिसली आणि तिचं तिलाच हसू आलं. काकाही हसले.

हात एकदाही वर गेला नाही.

मुख्याध्यापिका एवढंच म्हणाल्या, की सोमवारपासून वर्ग तिचा, घसा तेवढा तोवर परत आणावा.

पाठ संपताच काका कामाला पळाले होते. ती त्यांना सांगायला धावली. ते व्हरांड्याच्या टोकाला पाठमोरे उभे राहून खिडकीच्या बिजागरीला तेल घालत होते. तिनं हाक मारली. मग दुसरी, मग घशाचं होईल ते होवो म्हणून तिसरी. काका तेलच घालत राहिले.

“खांद्याला हात लावा,” मागून मुख्याध्यापिका म्हणाल्या. “वीस वर्षं झाली, त्यांना काही ऐकू येत नाही. ओठ बघून ओळखतात सगळं.”

ती मग वळसा घालून काकांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि सावकाश विचारलं, “मग आठवडाभर हात कशाला वर करत होतात?”

काकांनी तेलाची बुधली खाली ठेवली.

“घड्याळामागून तुमचं तोंड दिसत नव्हतं, बाई.”