पाळण्याची पट्टी

दूध उतू जाऊन शेगडीवर चर्र झालं. तिने गॅस बंद केला, पण घासायला घरी आलेली पाळण्याची लोखंडी पट्टी हातातून सोडली नाही.

"वहिनी, एकाच कडेची धार घासायची ठरली होती. दुसरी आत लपते, कोण बघतंय?" घरोघरी घासकाम वाटणारा मुकादम दारातून म्हणाला.

"तान्ह्या बाळाची बोटं काय विचारून आत जातात?"

तिने पाच वर्षांच्या लेकीचं जुनं झबलं घेतलं आणि पट्टीवरून हलकेच ओढलं. कानस मारलेल्या कडेवरून ते अलगद सरकलं. दुसरीवर मात्र धागा अडकला आणि झबलं टर्रकन फाटलं.

"बघितलंत? मी दोन्ही कडा घासूनच देणार. नाहीतर हे काम नको."

"लई शहाणपण! गल्लीत छप्पन्न बायका आहेत," म्हणत त्याने न घासलेल्या पट्ट्यांचा गठ्ठा उचलून टेम्पोत टाकला.

"खुशाल न्या. माझ्या हातून तरी असली पट्टी जायची नाही," ती दारात ताठ उभी राहून म्हणाली.

टेम्पो वळला. झबल्याच्या भोकात बोट घालत लेकीने विचारलं, "आई, मग त्या पाळण्यात आता कोणाचं बाळ झोपणार?"